ॲना मणी

ॲना मणी (२३ ऑगस्ट १९१८ – १६ ऑगस्ट २००१) या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होत्या. त्यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली हिरे व माणकांच्या वर्णपटांवर संशोधन केले. मात्र पदव्युत्तर पदवी नसल्याच्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली.

इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचे शिक्षण घेऊन त्या १९४८ मध्ये पुणे येथे भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. आयात उपकरणांवरील अवलंबित्व कमी व्हावे म्हणून त्यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७–५८) त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

सौर प्रारणाच्या नोंदींचे त्यांचे ग्रंथ १९८० व १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. सोलापूरसारख्या उष्ण व कोरड्या प्रदेशात घर उन्हाळ्यात किती तापेल, हे केवळ हवेच्या तापमानावरून कळत नाही. छपरावर व भिंतींवर पडणारे प्रारणही मोजावे लागते. छज्जा, भिंतीची जाडी व खिडक्यांची दिशा ठरवताना अशाच नोंदी उपयोगी पडतात. १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळाले.