एका माव्यावर महिनाभर पहारा देणारे शार्ल बोने आणि शुगर बीटचा पिवळा रोग

पिकावर एक मावा दिसतो आणि थोड्याच दिवसांत पानं माव्यानं भरून जातात. हे होतं कसं? याचं उत्तर शोधताना एका माणसानं स्वतःचे डोळे पणाला लावले.

शार्ल बोने यांचा जन्म १७२० चा, जिनिव्हाचा. लहानपणापासून कमी ऐकू यायचं. शिक्षण वकिलीचं, पण सगळा जीव किड्यांत. १७४० मध्ये त्यांनी नुकताच जन्मलेला एक मावा फांदीसकट काचेखाली कोंडला आणि भिंग घेऊन पहाटेपासून रात्रीपर्यंत, महिनाभर पहारा दिला. नराशी कधी गाठच न पडलेल्या त्या मादीनं ९५ पिल्लं दिली!

विशीतल्या बोने यांची फ्रेंच विज्ञान अकादमीनं दखल घेतली. पण पुढं डोळे इतके अधू झाले की भिंग ठेवून द्यावं लागलं. मग ते तत्त्वज्ञानाकडे वळले. १७९३ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हयातीतच, १७४७ मध्ये, बर्लिनच्या मार्गग्राफ यांनी बीटमध्ये साखर असल्याचं दाखवलं. पुढं युरोपात बीटवर साखर कारखाने उभे राहिले आणि याच पिकावर माव्यानं पिवळा रोग आणला. २०२० मध्ये फ्रान्सच्या बीट शेतकऱ्यांना त्याचा मोठा फटका बसला.

हा रोग विषाणूंचा आहे. हिरवा मावा रोगट झाडाचा रस शोषतो आणि विषाणू निरोगी झाडात सोडतो. शेतात ठिकठिकाणी पिवळे पट्टे दिसतात. जुनी पानं जाड होतात, चुरगाळली की कडकड मोडतात. मात्र पानं पिवळी पडेपर्यंत लागण होऊन काही आठवडे उलटलेले असतात आणि रोगट झाडाला औषध नाही.

इथं बोने यांचा ९५ चा आकडा आठवायचा. पीक कोवळं असतानाच पानांच्या खालची बाजू तपासायची, कारण सुरुवातीची एक मादीही पुरेशी असते. दिलासा इतकाच की पिल्लू जन्मताना हे विषाणू घेऊन येत नाही, ते त्याला रोगट झाडातूनच मिळतात. म्हणून मागच्या हंगामातलं उरलेलं बीट आणि विषाणूंना आसरा देणारं तण पेरणीआधीच काढायचं. मावा खाणारे ढालकिडे जपायचे आणि फवारणी माव्याची संख्या मोजूनच करायची.