पेटीवर चालणारी बोटं : गोविंदराव टेंबे

आपल्या हॉस्टेलवर कुणालाही विचारून बघा, की बाबा रे, कीबोर्ड वाजवणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाचं नाव सांग. ए. आर. रहमान हे उत्तर एका सेकंदात येईल. दुसरं नाव विचारलं की थोडा विचार होईल. पण गोविंदराव टेंबे हे नाव काही येणार नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही ते आलं नसतं. आपल्या पणजोबांच्या पिढीत मात्र हे नाव माहीत नसलेला नाटकवेडा मराठी माणूस सापडणं कठीण होतं.

मला हे नाव कळलं ते बोटांमुळे. थेरगावला डांगे चौकाजवळ आम्ही तिघं राहायचो, तेव्हा रूम पार्टनरने जुना कॅसिओ विकत आणला होता. गॅदरिंगला काहीतरी वाजवायचं एवढाच उद्देश. गाण्याची चाल एका बोटाने वाजायची, पण जरा वेग वाढला की बोटं एकमेकांत अडकायची. मग गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका भेटले. आयुष्यभर कंपनीत शिफ्ट केलेला माणूस, रिटायर झाल्यावर फक्त पेटी. त्यांनी पहिला महिनाभर एकही गाणं शिकवलं नाही. फक्त कुठल्या पट्टीवर कुठलं बोट, एवढंच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोटांना नंबर असतात. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं तीन, अनामिका चार, करंगळी पाच. आता सप्तकात वरचा सा धरून स्वर आठ आणि बोटं पाच. म्हणजे गणित जमत नाही! त्यावर उपाय असा, की पांढरी एकपासून सा, रे, ग हे एक, दोन, तीन या बोटांनी वाजवायचे आणि तिसरं बोट गंधारावर असतानाच अंगठा त्याच्या खालून सरकवून मध्यमावर ठेवायचा. पुढचे म, प, ध, नी, सा मग एक ते पाच बोटांनी सरळ होतात. उतरताना याच्या उलट, अंगठ्यावरून तिसरं बोट पलीकडे टाकायचं. कॉर्ड त्यामानाने सोपी. सा, ग, प धरायचे तर उजव्या हाताची एक, तीन, पाच ही बोटं, आणि डाव्या हाताची पाच, तीन, एक.

खरी गंमत काळी एकपासून सुरू होते. पुरुष गायक बऱ्याचदा याच पट्टीत गातात. इथे सा काळ्या पट्टीवर येतो. अंगठा आखूड, तो काळ्या पट्टीवर न्यायचा तर सगळा हात आत ढकलावा लागतो. म्हणून सा तर्जनीने, रे मधल्या बोटाने, आणि गंधार पांढरी चारवर येतो तिथे अंगठा. मग म, प, ध परत काळ्यांवर, त्यांना दोन, तीन, चार. निषाद पांढरीवर, तिथे पुन्हा अंगठा. म्हणजे अंगठा फक्त पांढऱ्यांवर. एकदा हे कळलं की अवघड वाटणारी काळी एक ही पांढरी एकपेक्षा हाताला जास्त सोयीची वाटायला लागते. अजून एक मजा. काळी तीनला सा मानून फक्त पाच काळ्या पट्ट्या वाजवा, भूप ऐकू येईल. त्याच पाच पट्ट्या काळी एकला सा मानून वाजवा, दुर्गा होतो! करून बघा, मेसच्या रांगेपेक्षा कमी वेळ लागतो.

तर हे सगळं शिकवताना काकांच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, टेंबे. शेवटी मी लायब्ररीत जाऊन शोधायला सुरुवात केली. जे सापडलं ते इथे मांडतोय, कारण ही गोष्ट आपल्यासारख्या, शिकायचं एक आणि डोक्यात दुसरंच असलेल्या मुलांच्या फार जवळची आहे.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म १८८१ चा. वाढले कोल्हापूरला. शाहू महाराजांचं कोल्हापूर ते. कुस्ती, नाटक, चित्रकला आणि गाणं, सगळ्याची तिथे रेलचेल. त्याच गावात देवल क्लब नावाची गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची जागा होती. मोठमोठे गवई तिथे यायचे, गायचे. गोविंदरावांचं संगीताचं कॉलेज म्हणजे हा देवल क्लब. ॲडमिशन नाही, सिलॅबस नाही, नुसतं कान देऊन बसायचं.

पेटी ते स्वतःच शिकले. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. हार्मोनियम हे मुळात युरोपातलं वाद्य. पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवता येईल अशी बुटकी पेटी केली. म्हणजे गोविंदराव लहान असताना हे वाद्य आपल्याकडे नवंच होतं. सतार, बीन, सारंगी यांना घराणी होती, उस्ताद होते. पेटीला काय होतं? काहीच नाही. ख्यालातली तान पेटीवर कुठल्या बोटांनी घ्यायची हे सांगणारी जुनी परंपराच नव्हती. युरोपातली बोटांची पद्धत होती, पण ती दोन हातांच्या पियानोसाठी. आपल्या हातपेटीत डावा हात भात्यात अडकलेला. उरली उजव्या हाताची पाच बोटं. त्यांच्याकडून गवयाच्या गळ्यातलं सगळं काढून घ्यायचं!

शिवाय पेटीचा आणखी एक स्वभाव आहे. पियानोचा स्वर वाजला की विरत जातो. पेटीचा स्वर पट्टी दाबलेली असेपर्यंत चालूच राहतो. त्यामुळे बोट कधी ठेवायचं याइतकंच ते कधी उचलायचं हे महत्त्वाचं. लवकर उचललं तर मध्ये फट पडते, उशिरा उचललं तर दोन स्वर एकमेकांत मिसळून गोंगाट होतो. गाणं अखंड ऐकू यायला हवं असेल तर पुढच्या स्वरासाठी योग्य बोट आधीच तयार पाहिजे. बोटांची जागा ठरवणं म्हणजे खरं तर पुढचा विचार आधी करणं. गोविंदरावांनी हे पुस्तकातून नाही, गवयांना ऐकून साधलं. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या त्या काळच्या श्रेष्ठ गवयाला ते पेटीवर साथ करायचे. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते. त्यांचा गंडा गोविंदरावांनी बांधला नव्हता, पण त्यांची गायकी कानात साठवली आणि मनाने त्यांनाच गुरू मानलं. पुढे त्यांचं चरित्रही लिहिलं.

आणि हे सगळं चालू असताना माणूस शिकत काय होता? वकिली! परीक्षा पास होऊन त्यांनी काही काळ वकिली केलीही. घरच्यांच्या दृष्टीने ती आजच्या कॅम्पस प्लेसमेंटसारखीच गोष्ट असणार. काळा कोट, गावात मान, महिन्याला उत्पन्न. त्या काळात नाटकात जाणं म्हणजे चांगल्या घरातल्या मुलाने वाया जाणं असाच समज होता. गोविंदरावांनी तरीही कोट उतरवला आणि पेटी जवळ केली.

मग आलं १९११ साल. किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘मानापमान’ लिहिलं. त्याच्या पदांना चाली द्यायचं काम गोविंदरावांकडे आलं. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आत. त्याआधीच्या ‘सौभद्र’, ‘शारदा’ यांसारख्या नाटकांच्या चाली कीर्तन, साकी-दिंडी, लावणी, कर्नाटकी पदं अशा आपल्या ओळखीच्या ठिकाणांहून यायच्या. गोविंदरावांनी ख्यालाच्या बंदिशींबरोबर उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी हे सगळं मराठी पदांत आणलं. भामिनीचं काम करणारे बालगंधर्व ती पदं गाऊ लागले आणि महाराष्ट्र वेडा झाला. आज शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी मानापमानची पदं मैफलीत होतात. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाट्यगीतांचा कार्यक्रम ऐकला तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा प्रत्येक पद गायकाच्या अर्धी ओळ आधी गुणगुणत होते. चाल किती पक्की बसलीये याचा यापेक्षा मोठा पुरावा नको!

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चाल देणाऱ्याचा हात आधी पेटीवर फिरून आलेला होता. दहा ठिकाणच्या बंदिशी साथ करता करता बोटांत बसलेल्या होत्या. आपण लॅबमध्ये दहा मशीन उघडून बघितलेल्या मुलालाच अकरावी डिझाइन करता येते, तसंच हे.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे आजच्या भाषेत तिघांचं स्टार्टअप. पण भागीदारी फार टिकली नाही. दोनेक वर्षांतच गोविंदराव बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची कंपनी काढली. तिच्यात ते चाली द्यायचे, नाटकं लिहायचे, भूमिकाही करायचे. गंधर्व मंडळीला मिळालं तसं वैभव या कंपनीला काही मिळालं नाही. पुढे ती बंद पडली. नाटक कंपनी चालवणं म्हणजे शंभर माणसांचा संसार डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणं. उत्तम पेटी वाजते म्हणून तेही जमेलच असं नाही.

पण हा माणूस थांबला नाही. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट काढला. त्यात हरिश्चंद्र कोण होते? गोविंदराव टेंबे! तारामती दुर्गा खोटे. संगीतही टेंब्यांचंच. तेव्हा प्लेबॅक नव्हता. कॅमेऱ्यासमोर जो दिसतो त्यानेच गायचं, आणि तिथल्या तिथे. पन्नाशी गाठलेल्या नाटकवाल्याने मायक्रोफोन हे नवं यंत्र हाताळलं. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती, १९३३ मध्ये ती पुण्याला आली. तिचा पुण्याचा स्टुडिओ म्हणजे आजची लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट.

आता या गोष्टीतला कडू भाग. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. हो, बंदी! ज्या वाद्यावर या माणसाचं अर्धं आयुष्य उभं, तेच वाद्य देशाच्या रेडिओवर चालणार नाही असं ठरलं. जॉन फोल्ड्स या रेडिओवरच्या इंग्रज संगीतकाराने आधीच पेटीवर कडक टीका केली होती. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नसे.

आपण इंजिनिअरिंगची मुलं आहोत, तर आक्षेप आकड्यांत बघू. सा २४० हर्ट्झ धरा. शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. पण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक स्वर मागच्याच्या सुमारे १.०५९५ पट. चार पायऱ्या चढून गंधार येतो ३०२.४ वर. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार एक आणि पेटीचा दुसरा, दोन्ही एकत्र वाजले की तीक्ष्ण कानाला टोचतं. पंचमात मात्र फरक नगण्य, ३६० च्या जागी ३५९.६. दुसरा आक्षेप मींडेचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं पेटीला शक्यच नाही, कारण मधल्या जागेत पट्टीच नाही. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. सांगलीचे कृ. ब. देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी बंदीच्या कितीतरी आधी बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली होती. ती काही रुळली नाही.

पण मग प्रश्न उरतो, की इतक्या अपुऱ्या वाद्यातून लोकांना गाणं ऐकू आलं कसं? उत्तर परत बोटांकडेच येतं. मींड नाही, तर पुढच्या स्वराला मागच्या स्वराचा कण ओझरता लावायचा. गंधार टोचतो, तर त्यावर किती वेळ थांबायचं ते ठरवायचं. भाता कमी-जास्त करून आवाजाला चढ-उतार द्यायचा. वाद्याच्या मर्यादा माहीत असल्या की त्या झाकायच्या कशा हे हाताला समजतं. आपल्या विषयातही टॉलरन्स शून्य असलेला पार्ट नसतोच, त्यातूनच मशीन चालवायचं असतं.

शेवटची पंधरा वर्षं गोविंदरावांनी या बंदीच्या काळातच काढली. पण ते रुसून बसले नाहीत. लिहीत राहिले. ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ मध्येच आलं होतं, नंतर ‘माझा जीवनविहार’ आलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये ते गेले. रेडिओची बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये, तीही अटींसह. म्हणजे आपलं वाद्य रेडिओवर परत आलेलं त्यांनी पाहिलंच नाही.

मधल्या काळात पेटी मेली का? अजिबात नाही. ती देवळात होती, भजनात होती, नाटकाच्या पिटात होती, गवयाच्या डाव्या हाताला होती. बेळगावला रामभाऊ विजापुरे, मुंबईत पी. मधुकर आणि गोविंदराव पटवर्धन, पुण्यात आप्पा जळगावकर अशी एकाहून एक माणसं तयार झाली. ज्या वाद्याला परंपराच नव्हती, त्याची परंपरा याच काळात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या नावांत कोल्हापूरचा एक वकील आहे.

मित्रांनो, ज्यांच्या रूमवर कीबोर्ड धूळ खात पडला असेल त्यांनी एवढंच करावं. रोज दहा मिनिटं, अगदी सावकाश, काळी एकमधून चढायचं आणि उतरायचं. अंगठा फक्त पांढऱ्यांवर. ट्रान्सपोझचं बटण दाबायचं नाही! बोटं आपापल्या जागी जाऊ लागली की ‘मानापमान’मधलं कुठलंही एक पद लावा आणि त्याच्या मागोमाग जायचा प्रयत्न करा. एका हाताने, पाच बोटांनी आणि कुणीही न शिकवता हे ज्याने पहिल्यांदा केलं असेल त्याने किती तास बसून केलं असेल, याचा अंदाज पुस्तकं वाचून येत नाही. तो बोटांनाच येतो.