कचेरीत धम्म जगलेला माणूस : सयाजी ऊ बा खिन

विहारात येणारी माणसे पुष्कळदा विचारतात, नोकरी, संसार, कर्जाचे हप्ते, यातून ध्यानाला वेळ काढायचा कुठून? सयाजी ऊ बा खिन यांचे आयुष्य हेच त्याचे उत्तर आहे.

त्यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी ब्रह्मदेशातील रंगूनच्या कामगार वस्तीत झाला. घरची गरिबी. एका कारखान्यातल्या भल्या माणसाने मदत केली म्हणून शाळा मिळाली. पोरगा हुशार निघाला, पण घरच्या अडचणींपायी शिक्षण अर्धवट सुटले. पुढे ते महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागले. १९३७ साली सया थेटजी या शेतकरी गृहस्थ-गुरूंकडे ते विपश्यना शिकले. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, ४ जानेवारी १९४८ रोजी, हा एकेकाळचा कारकून महालेखापाल झाला. नोकरी मात्र त्यांनी सोडली नाही. १९५० मध्ये कचेरीतल्याच लोकांसाठी विपश्यना मंडळ काढले आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र उभारले.

त्यांची शिकवण साधी होती. कुणी टाकून बोलले की छातीत धडधडते, डोके तापते. आपण त्या तापातच उलट बोलतो, आणि भांडण घरी घेऊन येतो. तो ताप नुसता पाहिला, तर तोही अनित्य आहे हे कळते व हात आवरतो.

१९५५ साली सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आधी नकारच दिला. डोकेदुखीचा इलाज म्हणून नको, मन निर्मळ करायला या, असे त्यांचे म्हणणे. गोएंका तसे आले, आणि दुखणेही गेले.

आज मानसशास्त्रही याच वाटेवर आले आहे. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या व ताणाच्या रुग्णांसाठी आठवड्यांचे वर्ग सुरू केले. त्यातील शरीरभर लक्ष फिरवण्याची पद्धत ऊ बा खिन यांच्याच परंपरेशी नाते सांगते. मात्र मनाचा आजार मोठा असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवे. ध्यान हे औषधाला पर्याय नव्हे.

१९ जानेवारी १९७१ रोजी सयाजी गेले. त्याआधीच, १९६९ साली, गोएंकांनी ही विद्या बुद्धाच्या भूमीत परत आणली होती. १९७६ पासून आपल्या इगतपुरीत धम्मगिरी उभी आहे.

बाबासाहेबांनी धम्म दिला तो जगण्यासाठी. सयाजींनी तो फायलींच्या ढिगाऱ्यात बसून जगून दाखवला. आपणही उद्या सकाळी कामाला निघण्यापूर्वी दहा मिनिटे श्वासाकडे पाहू या. त्यांना हेच खरे अभिवादन.