वाटणीच्या हिशेबातून उभं राहिलेलं शास्त्र : मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी

घरातलं कर्तं माणूस गेलं की काही दिवसांत विरासतीचा विषय निघतोच. समजा, मयताचे आई-वडील आधीच वारलेत आणि मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी आहे. कर्ज फेडून, वसीयत पूर्ण करून जे उरेल त्याचे 24 भाग केले, तर पत्नीला 3, मुलाला 14 आणि मुलीला 7 भाग येतात. ती मालमत्ता शेत असो, दुकान असो की रोख रक्कम, भाग तेच राहतात. वस्तू बाजूला ठेवायची आणि फक्त हिशेबाचं नातं पकडायचं, यालाच अमूर्तीकरण म्हणतात. आजचं कॉम्प्युटर शास्त्र याच पायावर उभं आहे. गणितात ही रीत शिस्तीने मांडणाऱ्या एका माणसाची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांचा जन्म साधारण 780 चा. अरल समुद्राच्या दक्षिणेकडच्या ख्वारिज्म प्रदेशावरून त्यांचं नाव पडलं. अब्बासी खलीफा मामून (813 ते 833) यांच्या काळात ते बगदादच्या बैतुल हिकमाशी जोडले गेले. ग्रीक, फारसी, संस्कृत ग्रंथ तेव्हा अरबीत येत होते. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी, यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं.

पण त्यांचं मोठं काम म्हणजे 'अल-जबर वल-मुकाबला' हा ग्रंथ. त्यात क्ष नाही, अधिक-उण्याची चिन्हं नाहीत, सगळं शब्दांत. त्यांनी समीकरणं सहा प्रकारांत बसवली आणि प्रत्येकाची ठरलेली पायरी-पायरीची रीत दिली. त्यांचंच एक उदाहरण बघा. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची 10 पट मिळून 39 होतात. मग 10 चे निम्मे 5 घ्या, त्याचा वर्ग 25, त्यात 39 मिळवा म्हणजे 64, त्याचं वर्गमूळ 8, त्यातून 5 वजा करा. उत्तर 3.

खरी गंमत उत्तरात नाही. 10 आणि 39 च्या जागी दुसरे आकडे घातले, तरी पायऱ्या त्याच. प्रोग्रामर फंक्शन लिहितो तेव्हा हेच करतो. रीत एकदाच लिहायची, तिला नाव द्यायचं, आकडे नंतर येतील तसे घालायचे.

हे सगळं नुसत्या विद्वानांसाठी नव्हतं. ग्रंथाचा मोठा हिस्सा वसीयत आणि विरासतीच्या हिशेबांनी भरलेला आहे. व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई अशी रोजची कामं त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

साधारण 850 मध्ये त्यांचं निधन झालं. बाराव्या शतकात त्यांचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले. ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जबर'वरून अल्जेब्रा आणि त्यांच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द जगभर रूढ झाला.

हे नाव आपण अभिमानाने घेतो. पण आपली मुलं कोड नुसता पाठ करत असतील, तर त्या अभिमानाचा उपयोग काय? पोरांना आधी विचारायला शिकवा : यातलं काय बदलतं आणि काय बदलत नाही?

आणि एक गोष्ट मोठ्यांसाठी. आज मोबाईलवर विरासतीचा हिशेब क्षणात निघतो. पण वारसांच्या यादीत मुलीचं नावच घातलं नाही, तर यंत्र कुरकुर करणार नाही. हिशेब बरोबर येईल, वाटणी चुकीची होईल. वस्तू बाजूला ठेवता येते; माणूस नाही. ती यादी भरणारा हात आपलाच असतो.