संथ पाहणारा कवी

५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या दरम्यान असलेल्या भादली या लहानशा स्थानकाजवळ एका तरुणाचा आगगाडीखाली सापडून मृत्यू झाला. वय अवघे २७. त्या तरुणाचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी. ज्याच्या कवितेत कशालाही घाई नाही, त्याचा अंत वेगाने धावणाऱ्या गाडीखाली व्हावा, ही गोष्ट आजही मनाला चटका लावून जाते.

बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगावचा. वडील पोलीस खात्यात होते. बदलीची नोकरी असल्याने बिऱ्हाड सतत हलत राहिले आणि शिक्षण अपुरे राहिले. मात्र शाळेच्या पटावर जे नव्हते ते वाटेत होते. ओढे, शेते, टेकड्या यांकडे हा मुलगा टक लावून पाहत असे, हे त्याच्या कवितेवरूनच कळते.

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. या पोरसवदा कवीची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी बहाल केली. कीर्तिकर हे नाणावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बालकवी गेले त्याच वर्षी छापून आला. झाडापानांच्या जाणकारानेच या कवीला प्रथम ओळखावे, हा योग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

पुढे तेव्हाच्या अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरी त्यांना मायेचा आसरा मिळाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा हळवा, लहरी ठोंबरे वाचकाला घरच्या मुलासारखा भेटतो.

आता त्यांच्या कवितेत घडते तरी काय? ‘फुलराणी’त एका कळीची संध्याकाळ, रात्र आणि पहाट, एवढेच. ‘श्रावणमासा’त ऊन-पावसाचा लपंडाव. आपण खिडकीतून एक नजर टाकून पुढे जातो, तेथे हा कवी थांबतो, रंग बदलेपर्यंत थांबतो. म्हणूनच शाळेत पाठ केलेल्या या कविता वयाच्या चाळिशीत पुन्हा वाचल्या, तर निराळ्याच वाटतात.

हा माणूस सुखवस्तू होता, म्हणून त्याला हे जमले, असा समज कोणी करून घेऊ नये. पैशाची ओढाताण कायमची होती. ‘पारवा’ आणि ‘उदासीनता’ या कविता वाचल्या, म्हणजे आनंदाचा कवी हा शिक्का किती अपुरा आहे, ते ध्यानात येते. मनावर मळभ दाटलेले असतानाही हा कवी पाहायचा थांबला नाही. किंबहुना त्या मळभाकडेही तो तितक्याच बारकाईने पाहत राहिला.

‘औदुंबर’ ही त्यांची कविता अवघ्या आठ ओळींची. एक झरा, पलीकडे छोटेसे गाव, शेते, एक पाऊलवाट आणि पाण्याशी विसावलेले उंबराचे झाड. त्या झाडाचा अर्थ काय, यावर समीक्षकांनी पानेच्या पाने खर्ची घातली. कोणाला त्यात विरक्ती दिसली, कोणाला मृत्यूची छाया. बालकवींनी मात्र झाड जसे दिसले तसे मांडले आणि कविता तेथेच थांबवली.