काळ्या गांठीचा शोधक : रेने लाएनेक

विद्यार्थिमित्रांनो, डॉक्टर ज्या नळीनें छाती तपासतात, ती शोधून काढणाऱ्या रेने लाएनेकचें नांव तुमच्यापैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. परंतु त्या नळीच्या कितीतरी आधीं, अवघ्या तेविसाव्या वर्षीं, त्यानें आणखी एक मोलाची कामगिरी केली होती. तिची माहिती फारच थोड्यांस असते.

रेनेचा जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील कँपेर गांवीं १७ फेब्रुवारी १७८१ रोजीं झाला. तो पांच वर्षांचा असतांनाच आई वारली. वडील वकील होते. परंतु मुलांच्या संगोपनाचा भार त्यांच्यानें उचलवला नाहीं. पुढें रेने नांत शहरीं आपल्या चुलत्याकडे राहावयास गेला. चुलते गियोम हे नांवाजलेले वैद्य. राज्यक्रांतीच्या धामधुमींत त्यांच्याच हाताखालीं त्यानें रुग्णसेवेचे पहिले धडे घेतले. प्रकृति नाजूक व पैशाची चणचण. तरीहि १८०१ सालीं तो पॅरिसला गेला आणि कॉर्व्हिसार ह्या विख्यात गुरूजवळ शिकूं लागला.

तेथें शिक्षणाची एक कठोर रीत होती. रोग्याचीं लक्षणें तो जिवंत असतांना टिपून ठेवावयाचीं आणि तो दगावल्यास शवविच्छेदन करून तीं पडताळून पाहावयाचीं. अशा विच्छेदनांत क्वचित् शाईसारख्या काळ्या गांठी आढळत. फुप्फुसाजवळील ग्रंथी तर पुष्कळ माणसांच्या काळवंडलेल्या असतात. तेव्हां काळें तेवढें सारें एकच, असें मानणें सोपें होतें. रेनेनें तसें मानलें नाहीं. त्यानें बारकाईनें पाहून दाखवून दिलें कीं हा काळिमा निराळा आणि ह्या गांठी निराळ्या. त्या कर्करोगाच्या जातीच्या आहेत. 'काळा' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यानें त्या विकारास 'मेलॅनोज' असें नांव दिलें. १८०४ सालीं हें संशोधन त्यानें विद्वानांपुढें मांडलें व १८०६ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या दुपुयित्रेंशीं श्रेयाविषयीं त्याचा वादहि झाला.

परंतु ही गांठ मुळांत कशापासून उपजते, हें सांगणें त्याला शक्यच नव्हतें. प्राण्यांचें शरीर पेशींचें बनलेलें असतें, हा सिद्धांत श्वाननें मांडला तो १८३९ सालीं. आणि रोगाचें मूळ पेशींतच शोधावें, हें फिर्खोनें आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें तें १८५८ सालीं. आज आपणांस ठाऊक आहे कीं त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मूळच्या त्वचेच्या नव्हेत. गर्भाच्या पाठीशीं मज्जेची नळी मिटत असतां तिच्या कडेला त्यांच्या पूर्वज पेशी असतात. तेथून निघून, प्रवास करीत, त्या त्वचेंत, डोळ्यांत व इतरत्र वस्ती करतात. त्यांतील एखादी बिघडून बेबंद वाढूं लागली म्हणजे ही गांठ होते. म्हणूनच ती डोळ्यांतहि उद्भवते. तिला आतां मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या लोकांत प्रखर ऊन हें तिचें एक मोठें कारण आहे. आपल्यासारख्या सांवळ्या लोकांत ती विरळा. पण झालीच तर पुष्कळदां तळपायावर किंवा नखाखालीं होते आणि तेथें कोणाचें लक्ष जात नाहीं.

१८१६ सालीं पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत एका स्थूल तरुणीच्या हृदयाचे ठोके ऐकण्यासाठीं लाएनेकनें कागदाची सुरळी केली. तीच छातीच्या नळीची जननी. पुढें तो लांकडाच्या नळ्या स्वतः कांतून तयार करी. १८१९ सालीं त्याचा ग्रंथ निघाला व फुप्फुसाचे रोग कानांनीं ओळखतां येऊं लागले. पण क्षयानें त्यालाच गांठलें. तो ब्रिटनींत परतला. नात्यांतील तरुण डॉक्टर मेरियादेक ह्यास त्यानें आपली छाती ऐकावयास लावली. ऐकलेल्या ध्वनींचा अर्थ त्याला सांगावा लागला नाहीं. १३ ऑगस्ट १८२६ रोजीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्याचें निधन झालें.

मित्रांनो, सारें कळल्यावांचून कांहींच बोलूं नये, असें नाहीं. मात्र जें नीट पाहिलें तेवढेंच प्रामाणिकपणें सांगावें. उरलेलें पुढचे लोक शोधतात. पालकांसहि एवढीच विनंति कीं, अंगावरील, तळपायावरील वा नखाखालील काळा डाग वाढूं लागला, त्याचा रंग वा आकार बदलला, किंवा त्यांतून रक्त आलें, तर घरगुती लेप लावीत बसूं नये; डॉक्टरांस वेळींच दाखवावा.