१९११ सालच्या या फोटोत एआयने रंग भरलेले नाहीत, ते एका रशियन माणसाने काचेवर साठवून ठेवले होते

निळाशार फुलाफुलांचा रेशमी अंगरखा, डोक्यावर पांढरा फेटा, कमरेला सोनेरी पट्टा, हातात तलवार आणि खुर्चीत ऐसपैस बसलेला एक भारदस्त माणूस. हा फोटो कधी ना कधी तुमच्या फीडमध्ये येऊन गेला असेल. बुखाऱ्याचा अमीर आलिम खान, साल १९११. खाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं असतं. १९११ ला कुठे होते असले रंगीत फोटो? एआयने रंग भरलेत, दुसरं काय!

तर विषय असा आहे की या फोटोत नंतर कुणीही रंग भरलेला नाही. अमीर कॅमेऱ्यासमोर बसला होता, तेव्हाच त्याच्या अंगरख्याचा निळा रंग टिपला गेला होता. फक्त तो ठेवला होता तीन काळ्या-पांढऱ्या फोटोंमध्ये. ही करामत करणाऱ्या माणसाचं नाव सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की.

कारखान्यातून कॅमेऱ्याकडे

प्रोकुदिन-गोर्स्की यांचा जन्म १८६३ चा, रशियातल्या व्लादिमीर प्रांतातल्या एका खानदानी घराण्यात. पुढे सेंट पीटर्सबर्गला ते रसायनशास्त्राकडे वळले. लग्न झालं ते एका उद्योजकाच्या मुलीशी, त्यामुळे सासऱ्यांच्या धातूच्या कारखान्यात संचालकपदही मिळालं. आयुष्य तसं सेट होतं, पण डोक्यात फोटोग्राफी भरली होती. १९०१ मध्ये त्यांनी पीटर्सबर्गमध्ये स्वतःचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा उघडली. १९०२ मध्ये ते बर्लिनला गेले आणि अडॉल्फ मीटे या शास्त्रज्ञाकडे रंगीत फोटोग्राफी शिकले.

मूळ कल्पना त्याहून जुनी होती. आपल्याला दिसणारे जवळपास सगळे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून तयार करता येतात. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्येच हे फोटोच्या मदतीने दाखवून दिलं होतं.

एक काच, तीन फोटो

प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या कॅमेऱ्यात साधारण ९ सेंटीमीटर रुंद आणि २४ सेंटीमीटर लांब काचेची पट्टी बसायची. त्या एकाच पट्टीवर एकाखाली एक असे तीन फोटो निघायचे. एक निळ्या फिल्टरमधून, एक हिरव्या, एक लाल. काचेवर मात्र तिन्ही काळे-पांढरेच.

मग रंग कुठे गेला? तो उजेडाच्या प्रमाणात साठवलेला असायचा. अमीराचा निळा अंगरखा निळ्या फिल्टरच्या फोटोत उजळ येणार आणि लाल फिल्टरच्या फोटोत काळपट. तिन्ही फोटो त्या त्या रंगाच्या प्रकाशातून पडद्यावर एकावर एक पाडले की मूळ रंग परत दिसायचे. त्यासाठी त्यांच्याकडे तीन भिंगांचा खास प्रोजेक्टर होता.

आता फोटोशॉपमधलं चॅनेल्स पॅनेल उघडून बघा. रेड, ग्रीन, ब्लू अशा तीन चॅनेल्सवर एकेक करून क्लिक करा. प्रत्येक चॅनेल काळा-पांढराच दिसेल. म्हणजे तुमच्या मोबाईलमधला प्रत्येक फोटो आजही याच हिशोबावर चालतो.

टॉलस्टॉयपासून झारपर्यंत

१९०८ मध्ये त्यांनी यास्नाया पोल्यानाला जाऊन लिओ टॉलस्टॉय यांचा रंगीत फोटो काढला. तो छापला गेला, गाजला आणि नाव दरबारापर्यंत पोहोचलं. १९०९ मध्ये झार निकोलस दुसरा याच्यासमोर त्यांनी आपले फोटो पडद्यावर दाखवले. झारला ते इतके आवडले की त्याने डार्करूम असलेला रेल्वेचा डबा दिला, शिवाय कुठेही फिरायचे परवाने.

मग १९१५ पर्यंत हा माणूस रशियाचं साम्राज्य पालथं घालत होता. चर्च, कारखाने, धरणं, समरकंदच्या मशिदी, शेक्सना नदीकाठच्या गावात बोरांसारखी रानफळं घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या पोरी. एवढा मोठा देश शाळकरी मुलांना रंगीत बघायला मिळावा, हा त्यामागचा हेतू होता.

अडचण एकच होती. तीन फोटो एकामागोमाग निघायचे, त्यामुळे समोरच्याला काही सेकंद पुतळ्यासारखं उभं राहावं लागायचं. कुणी मान हलवली की तिन्ही फोटोंचा मेळ बसायचा नाही.

सगळं हातातून गेलं

१९१७ ला क्रांती झाली आणि १९१८ मध्ये झारला कुटुंबासह ठार मारण्यात आलं. त्याच वर्षी प्रोकुदिन-गोर्स्की यांनी देश सोडला. नॉर्वे, इंग्लंड असं करत ते फ्रान्सला पोहोचले. काचांचा मोठा हिस्सा मागेच राहिला. जो हाती राहिला, तो पॅरिसमध्ये पेट्यांत पडून होता. तोवर एकाच फिल्मवर सगळे रंग टिपणारं तंत्र बाजारात आलं होतं, तीन फोटोंचं काम कुणाला हवं होतं?

२७ सप्टेंबर १९४४ ला पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. योगायोग बघा, निळ्या अंगरख्यातला तो अमीरही गादी गमावून त्याच वर्षी परमुलखात, काबूलमध्ये गेला.

काचांना पुन्हा रंग आले

१९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांच्या वारसांकडून हा संग्रह विकत घेतला. त्यात १,९०२ काचा होत्या. जवळपास ५० वर्षांनी त्या स्कॅन झाल्या आणि २००१ च्या प्रदर्शनासाठी १२२ फोटो कॉम्प्युटरवर जुळवण्यात आले. २००४ मध्ये सगळ्याच काचा आपोआप जुळवणारी प्रोग्रामिंगची पद्धतही तयार झाली.

हे काम तुम्हीही करू शकता. लायब्ररीच्या वेबसाइटवर या काचांचे स्कॅन फुकट मिळतात. सगळ्यात वरचा फोटो निळा, मधला हिरवा, खालचा लाल. तिन्ही कापून नव्या आरजीबी फाइलच्या त्या त्या चॅनेलमध्ये पेस्ट करा आणि सरकवून कडा जुळवा. मग कुणी हललेलं असेल तिथे रंगीत भुतं दिसतील. ती काढायला दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करायची आणि मास्क लावायचा. मास्क म्हणजे रांगोळीचा छाप समजा. जिथे भोक असतं तिथेच रंग उतरतो, बाकीची जमीन तशीच राहते. मूळ फोटोला धक्काही लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा जुना फोटो दिसला की वाहत्या पाण्याकडे आणि फोटोच्या कडांकडे नीट बघा. तिथे लाल, हिरव्या, निळ्या रेषा सांडलेल्या दिसल्या, तर तो बहुतेक तीन काळ्या-पांढऱ्या फोटोंतून आलेला फोटो आहे. एआय रंग भरतं तेव्हा अंगरखा निळा असेल असा अंदाज बांधतं. प्रोकुदिन-गोर्स्की यांच्या काचेवर तो निळाच होता याची नोंद आहे. ज्या देशासाठी हा सगळा खटाटोप केला, तो देश गेला, झार गेला, अमीर गेला. नोंद मात्र राहिली.